'आलीस का?' ला चाल लागते का बघ

आलेलं पत्र (थोडं कापलंय) :

नमस्कार दादा. मी नाशिकरोडची, जेल रोडला राहते, वय २३. आमच्या चर्चच्या यूथचा पाच जणांचा बँड आहे. दोन गिटार, एक कीबोर्ड, एक काहोन (ड्रमसेटला पैसे नाहीत) आणि मी गाते. तीन वर्षं इंग्लिश-हिंदी वर्शिप गाण्यांची कव्हर्सच चाललीत. या नाताळला स्वतःचं मराठी गाणं करायचं ठरलं, पास्टर पण हो म्हणाले, पण जूनपासून दर शनिवारी बसून चार अर्धी गाणी झालीत आणि एक पण पूर्ण नाही. गिटारवाला अख्खी चाल बनवून आणतो आणि म्हणतो यात शब्द टाक, ते बसत नाहीत. मी शब्द आणले की म्हणतो यात फील नाही. कीबोर्डवाली म्हणते शब्द पवित्र आत्म्याने दिलेले असतात, खोडायचे नसतात. कमिटीतल्या एका अंकलनी ऐकलं आणि म्हणाले, सिनेमाचं वाटतं. आमचा कोरस असा आहे –

तुझं प्रेम माझ्यावरून धुवून जाऊ दे
तुझ्या आगीने मला पेटवून टाक
मी उंच उडेन, उंच उडेन
येशू, येशू, तू माझं सर्व काही आहेस

चाल आधी करायची की शब्द आधी? आणि खरं सांगू का, मला वाटतं हे गाणं व्हायरल व्हावं. हे पाप आहे का?
ता.क. मागचे दोन शनिवार प्रॅक्टिस माझ्यामुळे बुडाली. आजी अंथरुणावर आहे, रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, ती ड्यूटी माझी. अंधारात ती फक्त 'आलीस का?' एवढंच विचारते. मग शनिवारी बसल्या बसल्या झोप येते.
– कॅपोवाली

कॅपोवाली,

तुझा कोरस मी मोठ्याने वाचून बघितला तर आतून बायकोने विचारलं, कोणाचं काय धुवून गेलं? हसू नको, बरोबर विचारलं तिने. नाशिक जिल्ह्यात राहून 'धुवून जाऊ दे' म्हणतेस तू, इथे द्राक्षं तोडणीला आली आणि अवकाळी बरसला की दिंडोरीकडचा माणूस फोनवर हेच म्हणतो, सगळं धुवून गेलं. तो काही आनंदाने म्हणत नाही. आणि 'पेटवून टाक' ही तर सरळ पोलीस केस आहे. 'तू माझं सर्व काही आहेस' असं आपल्याकडे कोणी कोणाला म्हणतं का गं? डब केलेल्या पिक्चरमध्ये म्हणतात. तुझे पप्पा मम्मीला म्हणाले होते का कधी? बहुतेक म्हणाले असतील, 'तू होतीस म्हणून निभावलं'. हे घे. हे मराठी आहे, आणि बघ, देवाला म्हणायला पण चालतं.

तुमचं दुखणं चाल आधी की शब्द आधी हे नाहीच. तीन वर्षं तुम्ही दुसऱ्यांची गाणी गायलात, त्यात वाईट काही नाही, सगळे तसेच शिकतात, मी पण तसाच शिकलो. पण त्याने कान एका साच्यात बसतो आणि मग गाणं सुचतं ते आधी इंग्रजीत सुचतं, तुम्हाला कळत पण नाही, आणि कागदावर येतं ते भाषांतर. समुद्र, लाटा, उंच उडणारे गरुड. नाशिकला समुद्र कुठला, आपल्याकडे गोदावरी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण सगळे काय विचारतो, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर अख्खा बुडाला होता तो. आता बायबलमधलं स्तोत्र ६९ काढ, त्याची पहिलीच ओळ काय आहे, देवा मला वाचव, पाणी गळ्याशी आलंय. हे नाशिकच्या माणसाला समजावून सांगावं लागतं का? (मारुतीचं नाव गाण्यात घालू नकोस, अंकल गाणं राहू देतील बाजूला आणि तुलाच बाहेर काढतील. पण गळ्याला लागलेलं पाणी तुझं आहे, ते बिनधास्त घे.)

माझी पण एक फजिती सांगतो म्हणजे तुला बरं वाटेल. नव्वदच्या दशकात मी चर्चच्या क्वायरमध्ये पेटी वाजवायचो, तेव्हा नाताळसाठी एक गीत लिहिलं होतं, त्यात 'हिमासम शुभ्र' असं काहीतरी होतं आणि मी स्वतःवर फार खूश. प्रॅक्टिसला मागच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसायच्या, त्या म्हणाल्या, बाळा हिम कुठे बघितलंस तू? मी तोऱ्यात यशया १:१८ सांगितलं, पापं बर्फासारखी पांढरी होतील वगैरे. त्या म्हणाल्या, त्याच वचनात पुढे लोकर पण आहे ना, मग लोकर घे की, मेंढरं तरी दारावरून जातात आपल्या. तिसरी शिकलेली बाई. मी बायबल वाचून पण बर्फच उचलला, कारण नाताळच्या ग्रीटिंग कार्डावर बर्फ असतो.

आता गिटारवाल्याची चाल आणि तुझे शब्द का भांडतात ते सांगतो, हे जरा नीट वाच, आणि त्याला पण वाचायला दे. इंग्रजीत शब्दातल्या एका ठिकाणी जोर पडतो, आणि चाल त्या जोरावर उभी असते. मराठीत तसा जोर नसतो, आपल्याकडे ह्रस्व-दीर्घ असतं. म्हणजे 'मला' या शब्दात 'म' झटकन जातो आणि 'ला' वर थांबायचं असतं. पण त्याची चाल इंग्रजी गाण्याच्या सवयीने पहिल्याच अक्षरावर थांबते, मग तू गातेस 'माऽला घे', आणि ऐकणाऱ्याला वाटतं देवाला फुलांची माळ चालली आहे. 'दया' चं 'दाया' होतं, 'कृपा' चं 'क्रूपा', 'तुला' चं 'तूला'. लोकांना नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, मग ते म्हणतात सिनेमाचं वाटतं किंवा इंग्लिश वाटतं. अंकलना पण बहुतेक हेच म्हणायचं असेल, फक्त त्यांच्याकडे शब्द नव्हता.

दुसरं, वरच्या सुरावर कोणता स्वर येतो ते बघ. 'येशू' हे नाव कितीही प्रिय असलं तरी शेवटी 'ऊ' आहे, तो वर ओढला की ओठांचा चंबू होतो आणि आवाज अडकतो, पन्नास माणसं एकदम 'शूऽऽऽ' म्हणाली की कोणीतरी बाळ झोपवतंय असं वाटतं. तेच 'देवा' म्हणून बघ. 'राजा' म्हणून बघ. तोंड उघडतं, छाती उघडते. आपल्या जुन्या गीतांत इतकी 'देवा' आणि 'प्रभुराया' का भरलीत, मला वाटतं गाऊन गाऊनच ती तिथे बसलीत. तर येशूचं नाव खालच्या सुरात, जवळ घेऊन, बोलल्यासारखं घे आणि वरची जागा 'आ', 'ओ', 'ए' ला ठेव. आणि ओळीच्या शेवटी 'आहे', 'आहेस' नको. बोलताना आपण तो अर्धा गिळतो, तुम्ही नेमका त्याच्यावर सगळ्यात मोठा ठोका दिलाय, आ-हेऽऽऽस.

मग करायचं कसं. मोठे बँड काय करतात ते तू यूट्यूबवर बघितलंच असशील, एका खोलीत बसतात, कोणीतरी चार कॉर्ड फिरवत राहतो, जी डी ई-मायनर सी, गाणारा त्यावर निरर्थक काहीतरी गुणगुणतो, ना ना ना, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू, आणि त्या बडबडीतून एखादा तुकडा सापडतो तो धरून पुढे जातात. चांगली पद्धत आहे. पण ती गुणगुण त्यांच्या भाषेची असते, त्यांच्या तोंडातून निरर्थक पण इंग्रजीच निघतं. तुम्ही तेच केलं की तुमच्या तोंडून पण त्यांचंच निरर्थक निघणार. म्हणून तुमच्यासाठी मी क्रम उलटा करीन. आधी एक ओळ, फक्त एक, जी कोणीतरी खरोखर बोललेली आहे. ती गायची नाही. पाच-दहा वेळा नुसती बोलायची, घरात बोलतो तशी, आणि गिटारवाल्याने हात मांडीवर ठेवून ऐकायचं की आवाज कुठे वर जातो, कुठे पडतो, कुठे श्वास घेतला. चाल तिथूनच काढायची. मग कॉर्ड. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं, शब्द आधी पण लिहिलेले नव्हे, बोललेले.

आता यात वेळ किती जातो, तर त्याला हिशोब नाही. अमेरिकेत मर्सीमी नावाचा बँड आहे, तुम्ही त्यांचं 'आय कॅन ओन्ली इमॅजिन' वाजवलं असेलच, नाताळ सोडून सगळीकडे वाजतं ते. बार्ट मिलार्डने ते १९९९ मध्ये दहाएक मिनिटांत लिहिलं असं तो स्वतः सांगतो. हे ऐकून पोरं म्हणतात बघा, आत्म्याने दिलं. अरे पण त्याचे वडील १९९१ मध्ये कॅन्सरने गेले होते, तेव्हापासून ती एक ओळ तो वहीत कुठे कुठे लिहून ठेवत होता. जुन्या वहीत ती पुन्हा दिसली आणि मग दहा मिनिटं. आठ वर्षं अधिक दहा मिनिटं असं धर.

कीबोर्डवालीला हे सांग, पण भांडू नको तिच्याशी, ती चुकीचं बोलत नाहीये, अर्धं बोलतेय. सुचणं आपल्या हातात नसतं हे मला मान्य आहे. पण तिला म्हण, स्तोत्र ११९ उघड. १७६ वचनं, २२ भाग, दर भागात आठ वचनं, आणि हिब्रूमध्ये प्रत्येक भागातलं प्रत्येक वचन एकाच अक्षराने सुरू होतं, मुळाक्षरांच्या क्रमाने. हे कोणी न खोडता, न मोजता, एका बैठकीत लिहिलं असेल? आठवं वचन अडलं असेल तेव्हा तो माणूस डोकं धरून बसला असेल. आणि कितीतरी स्तोत्रांच्या डोक्यावर 'मुख्य गवयासाठी' असं लिहिलेलं आहे, म्हणजे पुढे एक माणूस होता जो म्हणणार होता की हे फार लांब आहे, इथे श्वास कुठे घ्यायचा. आत्मा खोडरबराच्या विरोधात आहे असं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. हां, पुनरावृत्तीला घाबरू नका, स्तोत्र १३६ मध्ये 'त्याची दया सनातन आहे' २६ वेळा येतं. पण तिथे दर वेळी आधीची ओळ पुढे सरकते, सृष्टी, मिसर, समुद्र, वाळवंट, आणि म्हणून तीच ओळ दर वेळी वेगळी लागते. तुमचं 'उंच उडेन, उंच उडेन' दोन्ही वेळा तिथल्या तिथेच उडतंय.

अंकलचं काय करायचं. त्यांच्याकडे एक पेटी घेऊन जा. कीबोर्ड नको, पॅडचा तो धूरकट आवाज नको, रिव्हर्ब नको. नुसती पेटी आणि टाळी, आणि गाऊन दाखव. तेवढ्यावर गाणं उभं राहिलं तर ते गाणं आहे, नाही राहिलं तर तुम्ही नुसता साउंड बनवलाय. आणि त्यांनाच म्हणायचं, अंकल तुम्ही गा ना दुसऱ्यांदा माझ्याबरोबर. जिथे ते अडखळतील तिथे पेन्सिलने खूण कर. मी खरंच सांगतो, साठीच्या वरचा माणूस दुसऱ्या फेरीत जिथे चुकतो ती जागा दहापैकी नऊ वेळा गाण्याचीच चूक असते. त्यात पट्टी पण बघ. तुमचा गिटारवाला त्याला सोपं म्हणून सगळं पांढरी तीनमध्ये, म्हणजे ई मध्ये, बसवत असणार आणि वरचा सूर दाखवायचा म्हणून कोरस पार टिपेला नेत असणार. चर्चमध्ये गाणारे लोक गायक नसतात, त्यांना एक सप्तक आणि वर एखाद-दोन सूर, एवढंच पेलतं, तेही रविवारी सकाळी चहाच्या आधी. दोन पट्ट्या खाली आण. तुझं नाव कॅपोवाली आहे म्हणून सांगतो, कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा तो चिमटा, पट्टी वर न्यायला असतो, खाली आणायची तर तो काढावा लागतो.

आणि 'सिनेमाचं' या शब्दाला फार लावून घेऊ नको. आपल्या उपासनेच्या पुस्तकातली अर्धी गीतं एके काळी कोणालातरी बाटगी वाटली असतील. गोव्यातल्या इंग्रज फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा येशूची गोष्ट ओवीत घातली, त्याला लॅटिन येत नव्हतं म्हणून नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, ख्रिस्ती झालेल्या कवीने, अभंग लिहिले, तोच सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक जुळवणारा. इंग्रजी चालीत कोंबलेली भाषांतरित गीतं त्यांच्या काळात पण होतीच, म्हणजे तुमचं दुखणं काही नवीन नाही, निदान शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे. टिळक १९१९ मध्ये गेले, आपल्या कायद्यात कवी गेल्यावर ६० वर्षांनी शब्द सगळ्यांचे होतात, त्यामुळे त्यांचा एखादा अभंग घेऊन त्याला नवी चाल लावायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. सरावासाठी एक कराच. शब्द पक्के असले की चालीला पळता येत नाही, गिटारवाल्याला चांगली शिक्षा आहे.

पण मला विचारशील तर तुझी गुरू लक्ष्मीबाई, याच टिळकांची बायको. आपल्या इथली, नाशिकजवळच्या जलालपूरची. शाळेचं शिक्षण म्हणावं असं काही नाही, आणि तिचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' उघड, कुठलंही पान, ती बाई समोर बसून बोलतेय असं वाटतं. सोवळं-ओवळं सुटण्याची गोष्ट असो की नवरा रागावून निघून गेल्याची, एक शब्द पुस्तकी नाही. देवाबद्दल बोलायला वेगळी भाषा लागते ही आपली समजूत तिने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढली आणि आपण अजून 'अर्पितो', 'समर्पितो', 'गौरवितो' करत बसलोय. तू आजीला पाणी देताना 'अर्पिते' म्हणतेस का?

आणि इथे मी येणारच होतो. तू पत्रभर चार अर्ध्या गाण्यांचं रडगाणं लिहिलंस आणि पूर्ण गाणं ता.क. मध्ये टाकलंस, तेही माफी मागण्यासाठी.

'आलीस का?'

बोलून बघ. आ, लीस, का. सगळी अक्षरं दीर्घ, कुठे घाई नाही, शेवटी उघडा 'का', पाहिजे तेवढा ओढ. आणि आता एक अक्षर बदल, देवाला म्हण. आलास का? मध्यरात्री अंधारात पडलेलं कोणीतरी विचारतंय. दर दोन तासांनी. मी वाचलं तेव्हा मला स्तोत्र १३० आठवलं, पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त मी तुझी वाट बघतो, आणि ते वाक्य तिथे लागोपाठ दोनदा आहे, कारण रात्र लांब असते, एकदा म्हणून भागत नाही. आणि १२१ मध्ये तो, ज्याला डुलकी लागत नाही, झोप येत नाही. तुला शनिवारी येते. म्हणजे गाण्यात तू कुठे आहेस ते पण ठरतंय बघ, कधी विचारणारी, कधी उठून येणारी.

आता एक गोष्ट मला इथे बसून कळणार नाही, ती तूच ऐकायची. आजी 'का' म्हणते तेव्हा आवाज वर जातो की खाली येतो? वर जात असेल तर तिला खात्री नाहीये, ती खरोखर विचारतेय. खाली येत असेल तर तिला माहीतच आहे तू आलीस, ती नुसती म्हणतेय, घरी आलेल्याला आपण म्हणतो ना, 'आलीस का, ये', त्यात प्रश्न नसतोच. शब्द तेच, सूर वेगळा, अर्थ पूर्ण फिरला. तुमचं अख्खं गाणं यात आहे. पहिल्या अंतऱ्यांमध्ये 'आलास का' वर जाऊ दे, अधांतरी सोडा, खालची कॉर्ड पण घरी, म्हणजे सा च्या कॉर्डवर, येऊ देऊ नका. आणि शेवटच्या वेळी तेच शब्द, एक अक्षर न बदलता, खाली आणून सा वर ठेवा. तो आला. कुठेही 'तो आला' असं लिहायची गरज नाही. ब्रिज, प्री-कोरस, त्या सगळ्या खोल्या नंतर बांधा, नाही बांधल्या तरी चालेल, मुखडा आणि दोन अंतरे पुष्कळ झाले, मुखडा मात्र पहिल्या मिनिटाच्या आत ऐकू आला पाहिजे.

अंतऱ्यात काय, तर खोलीतलं काय काय आहे ते. मी उगाच चार ओळी करून बघितल्या, वापरू नको, तुझ्या खोलीत दुसऱ्या वस्तू असतील –

दोन वाजले, कूस दुखते
आलास का?
तांब्या उशाशी सरकला वाटतं
आलास का?

यात देव हा शब्द नाही, येशू नाही, तारण-कारण, देवा-सेवा असली ठरलेली यमकं नाहीत. असू दे. एखाद्या अंतऱ्यात नाव घे, खालच्या सुरात, मी वर सांगितलं तसं. कोणी म्हणेल नाताळच्या गाण्यात तारा कुठे, मेंढपाळ कुठे, गोठा कुठे. नाताळ म्हणजे दुसरं काय आहे गं, रात्री वाट बघणाऱ्यांकडे कोणीतरी येणं. आणि मेंढपाळ तरी काय करत होते, रात्रपाळीच करत होते. आणि देवाला 'आलास का' असं अरेतुरे? आपली सगळी भक्ती अरेतुरेतच आहे, अंकलची प्रार्थना पण 'हे प्रभू, तू' अशीच सुरू होते, ऐक रविवारी.

एक सांभाळ. आजीचा आवाज लपून रेकॉर्ड करू नको, तिचा व्हिडिओ गाण्याला जोडू नको, कितीही मोह झाला तरी. ती काही कंटेंट नाही. गाणं झालं की सगळ्यात आधी तिला ऐकव, तिच्या खोलीत, पेटीवर, आणि ती 'माझं नको घालूस' म्हणाली तर ते बाहेर जाणार नाही, बँडला हे आधीच सांगून ठेव.

व्हायरलचं विचारलंस. पाप-बिप मला कळत नाही, पण लोकांनी ऐकावं असं न वाटणारा माणूस गाणं करत नाही, तो घरी गुणगुणतो. फक्त लिहिताना तो विचार खोलीत नको, रेकॉर्डिंगच्या दिवशी येऊ दे, तेव्हा कामाला येईल. आणि हो, कोणी कोणती ओळ केली, चाल कोणाची, हे त्याच दिवशी ग्रुपवर टाकून ठेवा. दोस्तीत कशाला असं वाटतं. मग गाणं चाललं की दोस्ती जाते, गाणं पण जातं, मी बघितलंय.

तर येत्या शनिवारी प्रॅक्टिस नको. कोणाला तरी सांग आजीकडे एक रात्र बसायला, कीबोर्डवालीला सांग, तिला आवडेल. तू झोप काढ. पुढच्या शनिवारी पाचही जण बसा, गिटार बॅगेत, कॅपो तुझ्या खिशात, आणि तू ते दोन शब्द अंधारात ऐकलेस तसे म्हणून दाखव. आजीचा 'का' कुठे जातो ते मला पण कळव.